वस्ती न हलवता घर: पुण्यातील संडास आणि येरवड्याची घरबांधणी

१९९९ नंतरच्या दीड दशकात पुण्याच्या झोपडपट्ट्यांत दोन मोठी कामे झाली. पहिल्या कामात शहरभरच्या वस्त्यांत चारशेहून अधिक सामुदायिक संडास बांधले गेले. दुसऱ्यात येरवड्याच्या वस्त्यांतील पत्र्याची घरे उतरवून त्याच जागेवर पक्की घरे उभी राहिली. दोन्ही कामांना पैसा सरकारचा आणि महापालिकेचा लागला. घरे मोजणे, यादी पक्की करणे, पैसे गोळा करणे, नकाशा पटवून देणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे ही कामे मात्र अनेक वस्त्यांत तिथल्याच बायकांनी केली. या प्रयोगाला मिळालेले यश आणि त्याला पडलेल्या मर्यादा या दोन्हींची मुळे त्याआधीच्या चाळीस वर्षांत सापडतात.

वस्त्या कशा वाढल्या

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि मुठेकाठचे जुने पुणे पाण्याखाली गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही त्यांनी टेकडीचा उतार, ओढ्याचा काठ, कालव्याची कड अशी मिळेल ती जागा धरली. याच सुमारास पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखाने येत होते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० च्या दशकातच सुरू झाला होता. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आली. कारखान्यांना कामगार हवे होते आणि कामगारांच्या मागोमाग बांधकामावरचे बिगारी, हमाल, भाजीवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकाही शहरात आल्या. यांपैकी बहुतेकांना परवडेल असे घर शहरात कोणी बांधत नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतराला जोर आला. मराठवाडा आणि सोलापूरबरोबर पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा अवर्षणप्रवण भागही त्यात होरपळला. उदाहरणार्थ, बारामती तालुक्यात निरा कालव्याखालची गावे बागायती, तर मोरगाव-सुपे भाग जिरायती. एकाच तालुक्यात ऊस आणि कुसळे शेजारी नांदत. पाऊस गेला की कोरडवाहू गावांतल्या लोकांपुढे दुष्काळी कामावर खडी फोडणे किंवा शहराची वाट धरणे असे दोनच मार्ग उरत. पुण्यात आलेला माणूस आपल्या गावकऱ्याच्या, नातलगाच्या झोपडीशेजारी चार बांबू रोवी. त्यामुळे वस्त्यांच्या गल्ल्या बहुधा गाव आणि जात यांच्या ओळखीनेच भरत गेल्या.

१९५१ मध्ये पाच लाखांच्या आसपास असलेली पुण्याची लोकसंख्या २००१ मध्ये २५ लाखांवर पोचली. तोवर शहरात पाचशेच्या आसपास झोपडपट्ट्या झाल्या होत्या आणि शहरातल्या दर पाच माणसांपैकी जवळजवळ दोन त्यांत राहत होती.

शासनाचे धोरण या काळात दोन टोकांत हेलकावत राहिले. महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधार, निर्मूलन आणि पुनर्विकास कायदा १९७१ चा. सुधार आणि निर्मूलन हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. एखादी वस्ती ‘घोषित’ झाली की तिथे नळकोंडाळे, दिवे, फरशी आणि सार्वजनिक संडास देता येत. १९७२ पासून केंद्राच्या योजनेतूनही अशा सोयींसाठी निधी येऊ लागला. पण सोय मिळाली म्हणजे जागा मिळाली असे नव्हते. फोटोपास, रेशनकार्ड, वीजबिल असा एकेक कागद जमवून लोक आपले तिथले असणे सिद्ध करत राहिले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांप्रमाणे झोपडीवासीयांनाही संघटित केले आणि पाडापाडीविरुद्ध लढे उभारले. या लढ्यांमुळे अनेक वस्त्या जागेवर टिकल्या. टिकलेल्या वस्तीत राहणे सुसह्य कसे करायचे, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे आला.

मुंबईच्या फुटपाथवरून आलेली रीत

या प्रश्नाला हात घालणारी एक रीत मुंबईत घडली. झोपडीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांनी १९७०च्या दशकात नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनची उभारणी केली होती. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने मानले. पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभा महापालिकेला राहिली. घर कधीही जाऊ शकते, हे आता स्पष्ट होते. त्याच वर्षी स्पार्कच्या मंडळींनी आणि या बायकांनी फुटपाथवरच्या कुटुंबांची स्वतःच शिरगणती केली. कोण कुठून आले, काय काम करते, किती वर्षे इथे आहे, याची नोंद पहिल्यांदाच कागदावर आली. पुढच्या वर्षी या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना आकाराला आली.

महिला मिलनच्या कामाचा पाया रोजची बचत हा होता. गल्लीतलीच एक बाई रोज दारोदार जाऊन रुपया-दोन रुपये गोळा करी. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठेवले जात. रंगावरून रक्कम कळे आणि तुकडे मोजले की शिल्लक कळे. आजारपण, तुरुंगातून नवऱ्याला सोडवणे, पोराची फी अशा अडीनडीला याच पैशातून कर्ज मिळे. रोज दार वाजवणाऱ्या बाईला कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा नवरा मारतो, कोणाचे भाडे थकले आहे, हे सगळे आपोआप समजे. बचतीतून पैसा साठत होता आणि त्याहून मोलाची माहिती व पत तयार होत होती.

पुण्यातील वस्त्यांत ही रीत १९९०च्या दशकात रुजली. या बायका आपल्या वस्तीची घरे मोजत, दारावर क्रमांक घालत, नकाशा काढत. घराची चर्चा करायची तर बांबू आणि कापड वापरून खऱ्या मापाचे घर मैदानात उभे करत आणि त्यात फिरून मोरी कुठे, खिडकी कुठे यावर वाद घालत. पालिकेत जाताना त्यांच्याकडे मागणीपत्राबरोबर मोजणीची वहीही असे.

संडासांचा कार्यक्रम

ही वही पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडली ती संडासांसाठी. वस्तीतल्या जुन्या सार्वजनिक संडासाची रचनाच बिघडायला कारण ठरे. तिथे पाण्याची टाकी नसे, दिवा नसे, दाराला कडी नसे. सफाईची जबाबदारी पालिकेची, त्यामुळे वस्तीत कोणाचीच नाही. पहाटे नंबर लावावा लागे आणि पुरुष रांगेत घुसले की बायकांना मागे सरावे लागे. लहान मुलांना मोठी माणसे रांगेत टिकू देत नसत, म्हणून पोरे गटारीच्या कडेला बसत. अनेक बायका अंधार पडेपर्यंत थांबून राहत. दिवसा पाणी कमी पीत. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत पालिकेने अवघे बावीस संडास बांधले होते.

१९९९ मध्ये महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी या कामाची पद्धत बदलली. ठेकेदाराने बांधायचे आणि पालिकेने सांभाळायचे, ही जुनी वाट सोडून स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या गेल्या. बांधकामाचा खर्च पालिकेने करायचा. पाणी, वीज आणि मैलावाहिनीची जोडणी पालिकेने द्यायची. देखभाल संस्थेने वस्तीच्या मदतीने करायची, अशी वाटणी ठरली. आयुक्त दर आठवड्याला सगळ्या संस्थांची बैठक घेत. काम कुठे अडले, वॉर्ड ऑफिसातून कोणता कागद हलत नाही, याचा निकाल तिथेच सगळ्यांसमोर लागे. १९९९ ते २००१ या काळात चारशेहून अधिक संडास उभे राहिले आणि त्यांत शौचाची दहा हजारांवर भांडी बसली. वेगाच्या आणि संख्येच्या दृष्टीने शहरात तोवर असे काम झालेले नव्हते.

एकत्र काम करणाऱ्या स्पार्क, फेडरेशन आणि महिला मिलन यांच्या वाट्याला आलेल्या ११४ संडासांत रचनेचे अनेक बदल वस्तीतल्या अनुभवातून आले. बायकांची आणि पुरुषांची दारे व रांगा वेगळ्या ठेवल्या. मुलांसाठी वेगळे संडास बांधले. तिथली भांडी लहान होती आणि बसताना तोल जाऊ नये म्हणून धरायला दांडी होती. उजेड आणि हवा येईल अशा खिडक्या ठेवल्या, पाण्याच्या टाक्या मोठ्या केल्या. राखणदाराच्या कुटुंबासाठी तिथेच खोली काढली, त्यामुळे कमी पगारातही चोवीस तास लक्ष ठेवणारे माणूस मिळाले. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर बैठकीची किंवा मुलांच्या वर्गाची जागा झाली. आपल्या वस्तीत संडास असला तर तो घाण राहता कामा नये, यासाठी वर माणसांचा वावर असलेला बरा, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

पैशाचा हिशेबही तितकाच सरळ होता. शहरात इतरत्र पैसे देऊन वापरायच्या संडासात दर खेपेला एक रुपया पडे. पाच माणसांचे कुटुंब रोज एकदाच गेले तरी महिन्याला दीडशे रुपये होतात. कामवालीच्या पगारातून ते निघत नाहीत. महिला मिलनच्या संडासात कुटुंबाला महिन्याचा पास मिळे आणि तो साधारण वीस रुपयांचा असे. त्यातून राखणदार, झाडू, फिनेल आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची होती. काही वस्त्यांत बचतगटाच्या बायकांनी बांधकामाचे कामही स्वतःकडे घेतले. सिमेंटच्या गोण्या मोजणे, गवंड्याची हजेरी लावणे, इंजिनिअरकडून बिल पास करून घेणे त्या कामावरच शिकल्या. संडास पुरा झाला की ‘संडास मेळा’ भरे. नगरसेवक, अधिकारी आणि दुसऱ्या वस्त्यांतल्या बायका तो बघायला येत. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे वस्तीविषयक विशेष अधिवेशन झाले, तेव्हा त्या इमारतीत झोपडीवासीयांच्या घराचा आणि अशाच संडासाचा खऱ्या मापाचा नमुना उभारला होता. महासचिव कोफी अन्नान यांनी तो पाहिला.

कार्यक्रमाच्या उणिवाही लवकरच दिसल्या. आयुक्त बदलले तसा वेग ओसरला. सगळ्याच संस्थांनी वस्तीशी सल्लामसलत केली होती असे नव्हते. जिथे ती झाली नाही तिथे पासाचे पैसे जमेनात आणि संडास पुन्हा जुन्या अवस्थेकडे गेले. शिवाय संडास कितीही चांगला असला तरी तो घराबाहेरच होता. रात्री-अपरात्री, आजारपणात, पाळीच्या दिवसांत घरात संडास असण्याला पर्याय नव्हता. तो मिळायचा तर घर पक्के हवे होते.

येरवडा: घर तिथेच

घरांसाठी पैसा आला तो जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांचा वेगळा भाग होता. त्यातून देशभर बहुतेक शहरांनी शहराबाहेर बहुमजली इमारती बांधल्या. पुण्यानेही वारजे आणि हडपसर इथे तसे केले. त्याच सुमारास २००५ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले होते. त्या पद्धतीत बिल्डर वस्तीच्या जागेवर इमारत बांधून रहिवाशांना फुकट सदनिका देतो आणि उरलेली जागा बाजारभावाने विकतो. या दोन्ही वाटांनी वस्ती मोडते. इमारतीत दारासमोरची पायरी नसते, शेळी बांधता येत नाही, भंगार ठेवता येत नाही, खाली दुकान काढता येत नाही. शहराबाहेर गेलेल्या बाईची धुणीभांडीची कामे सुटतात.

येरवड्यात पालिकेने तिसरी वाट मान्य केली: कच्ची घरे तेवढी काढून त्याच जागेवर पक्की बांधायची आणि गल्ल्या, शेजार व पक्की घरे तशीच ठेवायची. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या जुन्या शहरांबद्दल नेमके हेच सांगितले होते. मोहल्ला सपाट न करता अगदी मोडकळीस आलेली घरे काढावीत, मोकळी जागा वाढवावी, बाकीचे जपावे, असे त्यांचे मत होते. पण त्यांचा हा विचार झोपडपट्टीच्या सरकारी योजनेत येईपर्यंत नव्वद वर्षे गेली.

शहरात अशा सुमारे चार हजार घरांना मंजुरी मिळाली आणि ती वेगवेगळ्या संस्थांत वाटली गेली. स्पार्क आणि महिला मिलनकडे सुमारे ७५० घरे आली. मदर तेरेसा नगर, वडार वस्ती, भाट नगर, नेताजी नगर, यशवंत नगर, चंद्रमा नगर आणि शीला साळवे नगर या सात वस्त्यांत ती होती. आराखड्यांचे काम पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने केले. फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सोन या तरुण वास्तुविशारदांनी आरंभीची मांडणी केली होती. घराचे क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. खर्च घरामागे तीन लाख रुपये धरला होता. त्यातला निम्मा केंद्राचा, उरलेला राज्य, महापालिका आणि कुटुंब यांनी मिळून द्यायचा. कुटुंबाचा वाटा साधारण दहा टक्के, म्हणजे तीस हजार रुपये. हे पैसे एकरकमी काढणे बहुतेकांना शक्य नव्हते. बचतगटाची सवय इथे कामाला आली.

कागदावर सोपे वाटणारे काम बोळात शिरताच अवघड झाले. एकाची जागा ऐसपैस, तर दुसऱ्याची नव्वद चौरस फुटांची. नव्वद फुटांच्या जागेवर २७० फूट द्यायचे तर तीन मजले चढवावे लागतात आणि मग प्रत्येक मजल्यावरची बरीच जागा जिना खातो. म्हाताऱ्या माणसाने चढायचे कसे, स्वयंपाक खाली की वर, मोरी कुठे, हे घरागणिक वेगळे ठरवावे लागे. त्यामुळे सगळ्यांना एकच नकाशा चालेना. वास्तुविशारद घरोघर बसून नकाशा दाखवत, कुटुंब बदल सुचवे आणि पटल्यावर त्यावर सही किंवा अंगठा उमटे. तो कागद पालिकेकडे जाई. ज्यांची जागा फारच लहान होती अशा शेजाऱ्यांना एकत्र येऊन सामाईक बांधकाम करायला राजी करावे लागे. जिना कोणाच्या बाजूने, वरचा मजला कोणाचा, यावर आठवडेच्या आठवडे जात. ही भांडणे सोडवायला बाहेरचा माणूस उपयोगाचा नव्हता. त्या गल्लीत वर्षानुवर्षे बचत गोळा केलेली बाई मध्यस्थ म्हणून चाले, कारण दोन्ही घरांची नड तिला ठाऊक असे.

बांधकामाच्याही अडचणी होत्या. बोळात ट्रक जात नाही, म्हणून वाळू, खडी, सिमेंट सगळे डोक्यावरून घमेल्याने न्यावे लागे. एका घराचा पाया खणताना शेजारचे घर खचण्याची भीती असे, कारण दोन घरांत बोटभर अंतर नव्हते. खोदताना जुनी गटार किंवा नळाची लाईन फुटे. घर उतरवल्यापासून स्लॅब पडून आत जाईपर्यंत कुटुंबाला जवळपास भाड्याची खोली घ्यावी लागे किंवा नातलगाकडे राहावे लागे. त्याचा खर्च ज्याचा त्याने सोसला. पावसाळ्यात काम थांबे आणि भाडे चालू राही. पोलाद-सिमेंटचे भाव चढले, पण तीन लाखांचा आकडा तोच राहिला. सरकारी हप्ता काम झाल्यावर येई, म्हणून आधी पैसा घालण्याचा भार संस्थेवर पडे.

पक्की घरे असलेल्यांना योजनेत काही मिळत नव्हते. शेजारच्याला तीन लाखांचे घर आणि आपण वीस वर्षे पै-पै साठवून भिंती बांधल्या म्हणून आपल्याला काही नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. भाडेकरूंचाही विचार योजनेत नव्हता. यादीत नाव घालण्यासाठी स्थानिक पुढाऱ्यांचा दबाव येई. दारावरचा क्रमांक, सर्वेक्षणाची वही आणि गल्लीतली साक्ष एकत्र असल्यामुळे यादी पुष्कळ प्रमाणात टिकली.

जमीन कोणाची?

नव्या घरांनी रोजच्या जगण्यात मोठा फरक पडला. घरात संडास आणि मोरी आली, पावसाळ्यात गळणे थांबले, वरच्या खोलीत मुलांना अभ्यासाला जागा झाली. अनेक कुटुंबांनी पदरचे पैसे घालून फरशी, ग्रील, आणखी एक खोली वाढवली. कामाचे ठिकाण, शाळा, रेशन दुकान, शेजार काहीच बदलले नाही. दारिद्र्यातल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठी बचतच होती.

जमिनीची मालकी मात्र रहिवाशांकडे आली नाही. घर पक्के झाले तरी खालची जागा त्यांच्या नावावर झाली नाही. येरवडा नदीपलीकडचे उपनगर राहिलेले नव्हते. विमानतळाचा रस्ता आणि कल्याणीनगरची कार्यालये जवळ आल्याने इथल्या जमिनीचे भाव भडकले होते. अशा ठिकाणी मालकीचा कागद नसलेले पक्के घर किती सुरक्षित, हा प्रश्न योजनेने मोकळाच ठेवला.

थायलंडमध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बान मनकाँग’ कार्यक्रमाने याच प्रश्नापासून सुरुवात केली होती. तिथे वस्तीने आधी बचतगट आणि सहकारी संस्था काढायची, संस्थेने जमीन सामूहिक भाडेपट्ट्याने किंवा खरेदीने घ्यायची, मग सरकारी कर्जातून घरे बांधायची, असा क्रम होता. त्याआधी १९८० मध्ये कराचीच्या ओरंगी भागात अख्तर हमीद खान यांनी गल्लीगल्लीतल्या लोकांना स्वतःच्या पैशाने मैलावाहिनी टाकायला शिकवले होते. पुण्याची पद्धत ओरंगीसारखी वस्तीच्या श्रमावर आणि विश्वासावर उभी होती. थायलंडसारखा जमिनीचा आधार तिला लाभला नाही.

पुढची योजना या दिशेने गेली नाही. नागरी अभियान गुंडाळले गेले आणि जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास हा एक घटक होता, पण तो खाजगी विकासकामार्फत, जमिनीचा उपयोग साधन म्हणून करून व्हायचा होता. लाभार्थ्याने स्वतः घर बांधण्याचाही घटक होता, पण त्यासाठी जागेचा हक्क लागे. झोपडीवासीयाकडे नेमका तोच नसतो. येरवड्याने जी वाट दाखवली होती ती या दोन घटकांच्या मधल्या फटीत राहिली. संडासांच्या बाबतीत पुढची पायरी गाठली गेली. १९९३ मध्ये प्रतिमा जोशी व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने वस्त्यांचे नकाशे काढून, घरोघर माहिती घेऊन ‘एक घर एक शौचालय’ हे काम पुण्यासह इतर शहरांत नेले. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाने वैयक्तिक शौचालयांना अनुदान दिल्यावर त्याला गती आली.

पुण्याच्या या अनुभवातून वस्तीसुधाराच्या अटी बऱ्याच स्पष्ट होतात. मोजणी वस्तीने केली तर यादी टिकते. देखभालीचे पैसे वस्तीने ठरवले तर ते भरले जातात. नकाशा घरात बसून ठरला तर घर वापरले जाते. या गोष्टी बचतगटांनी करून दाखवल्या आणि त्या करण्यासाठी आधीची दहा-पंधरा वर्षे रोज दारे वाजवावी लागली. जमिनीचा हक्क देणे मात्र बचतगटाच्या हाती नव्हते. तो निर्णय शासनाचा होता आणि तो झाला नाही.